सेफ्ट्रायॅक्सोन की सेफ्टाझिडिम? प्लेटवर दिसणारा फरक

दोन्ही तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं, दोन्हींची डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) ३० मायक्रोग्रॅमची. म्हणून एकाऐवजी दुसरं चालेल असं अनेकांना वाटतं. चालत नाही.

म्युलर-हिंटन अगारवर (जंतू वाढवायच्या माध्यमावर) स्युडोमोनास एरुजिनोसा पसरा, ३५ अंशांवर रात्रभर ठेवा. औषधाला दाद देणारा जंतू असेल तर सेफ्टाझिडिमभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ उमटतं. सेफ्ट्रायॅक्सोनची डिस्क तिथे लावायचीच नसते, कारण या जंतूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. न्यूमोकॉकस या जंतूच्या बाबतीत पारडं पूर्ण फिरतं. तिथे सेफ्ट्रायॅक्सोन कितीतरी प्रभावी, म्हणूनच मेंदूज्वरात तेच वापरतात.

ई. कोलाय, क्लेब्सिएलासाठी दोन्ही लावतात, पण निकष वेगळे. सीएलएसआय या प्रयोगशाळा-मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेनुसार सेफ्ट्रायॅक्सोनला किमान २३ मिलिमीटरचं वर्तुळ लागतं, सेफ्टाझिडिमला २१. म्हणजे २२ मिलिमीटर एकाला पुरेसं, दुसऱ्याला नाही. नुसत्या वर्तुळांच्या आकारावरून ‘हे औषध जास्त जोरदार’ म्हणणं साफ चूक आहे.

आपल्याकडे खरी डोकेदुखी ईएसबीएलची, म्हणजे अशी औषधं फोडणाऱ्या जंतूंच्या विकरांची. त्यांपैकी सीटीएक्स-एम गटातली विकरं सेफ्ट्रायॅक्सोन सहज फोडतात. भारतात सर्रास आढळणारं सीटीएक्स-एम-१५ तर सेफ्टाझिडिमलाही सोडत नाही. खात्रीसाठी सेफ्टाझिडिमची डिस्क एकटी आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह लावतात. जोडीचं वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा अधिक मोठं आलं की ईएसबीएल पक्कं.

एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) आणि एन्टेरोकॉकस या जंतूंवर मात्र दोन्ही निरुपयोगी.