केसाळ घरासाठी रोबॉट व्हॅक्यूम: निवड कशावरून करावी

कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरासाठी रोबॉट व्हॅक्यूम घेताना बहुतेक ग्राहक आधी ओढण्याची ताकद सांगणारा पास्कलचा आकडा पाहतात, आणि उत्पादकांना हे ठाऊक असल्यामुळे खोक्यावर तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. माझ्या मते अशा घरांसाठी हा आकडा दुय्यम आहे. गुळगुळीत फरशीवरचे केस उचलण्याचे काम साधारण बरा असा कोणताही रोबॉट करतो. उचललेल्या केसांचे पुढे काय होते आणि ते यंत्रातून सोडवण्यासाठी मालकाला किती वेळा कात्री घेऊन बसावे लागते, हे पाहणे अधिक गरजेचे आहे. ज्या यंत्राची साफसफाई करण्यातच घर झाडण्याइतका वेळ जातो, ते कितीही ताकदवान असले तरी महिन्याभरात कोपऱ्यात पडून राहते.

पास्कल हे दाबाचे एकक आहे. जाहिरातीतला आकडा सहसा हवेचा मार्ग बंद केल्यावर मिळणारा सर्वाधिक दाब सांगतो, तर कचरा प्रत्यक्षात वाहून नेतो तो हवेचा प्रवाह. फिल्टरवर लव साचली की हा प्रवाह झपाट्याने घटतो आणि कागदावरचे १०,००० पास्कल कागदावरच राहतात. केसांना जमिनीपासून सुटे करण्याचे काम तर मुख्यतः ब्रशचे असते. जाड गालिचे असतील तर जास्त ताकदीचा उपयोग आहे, कारण केस धाग्यांत रुतून बसतात. नुसती फरशी असेल तर मधल्या श्रेणीचे यंत्र पुरते.

तेव्हा परीक्षण ब्रशपासून सुरू करावे. केसाळ कुंचल्यांचा जुन्या पद्धतीचा ब्रश गालिच्यावर चांगला चालतो, पण लांब केस त्याच्याभोवती दोरीसारखे आवळून बसतात आणि कापल्याशिवाय निघत नाहीत. रबरी पात्यांच्या रोलरवर ही गुंडाळी बरीच कमी होते. आयरोबॉट कंपनीने आपल्या रूम्बा रोबॉटमध्ये आणलेली एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन रबरी रोलरांची रचना या कामासाठी आजही उत्तम म्हणता येते. अलीकडे काही कंपन्या एका टोकाला निमुळता होत जाणारा शंकूच्या आकाराचा रोलर देतात, ज्यावरून केस घसरत टोकाकडे आणि तेथून थेट डब्यात जातात. गुंता न होण्याचा दावा मात्र प्रत्येक खोक्यावर असतो, म्हणून दुकानात यंत्र उलटे करून पाहावे. रोलर अवजाराशिवाय बाहेर येतो का, त्याच्या दोन्ही टोकांची टोपणे उघडतात का आणि बाजूचा छोटा ब्रश हाताने ओढून निघतो की स्क्रू काढावा लागतो, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. ही टोपणे महत्त्वाची आहेत, कारण रोलरच्या मधोमध गुंता दिसला नाही तरी टोकाच्या बेअरिंगमध्ये केस शिरतात, घर्षणाने तापतात आणि हळूहळू प्लास्टिक खाऊ लागतात. पुढच्या लहान चाकाची तीच गत होते. ते ओढून काढता येत नसेल, तर लांब केसांच्या कुत्र्याच्या घरात ते कधीतरी अडकणार हे गृहीत धरावे.

डब्याचा विचार यानंतर येतो. रोबॉटच्या आतला डबा सहसा अर्धा लिटरही नसतो. हस्की किंवा जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी आवरणाच्या जातींची लव गळण्याच्या हंगामात तो एका खोलीतच भरतो, कारण लव वजनाने नगण्य असली तरी जागा भरपूर खाते. डबा भरल्यावर रोबॉट फिरत राहतो, पण उचलत काहीच नाही. म्हणून स्वतः डबा रिकामा करणारा डॉक, म्हणजे रोबॉट चार्ज होण्यासाठी जिथे परततो तो तळ, इतर घरांत चैन असेल, प्राण्यांच्या घरात तो जवळजवळ अनिवार्य समजावा. त्यातही डब्यापासून पिशवीपर्यंतचा मार्ग रुंद आणि सरळ असावा, कारण अरुंद वळणावर लवेचा बोळा हमखास अडकतो. पिशवीचा डॉक की बिनपिशवीचा, यात ॲलर्जी असलेल्या घरांनी पिशवीच निवडावी. मांजरीची ॲलर्जी केसांपेक्षा तिच्या लाळेतील आणि त्वचेतील प्रथिनांमुळे होते. ही प्रथिने कोंड्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसून हवेत दीर्घकाळ तरंगतात, आणि बिनपिशवीचा डबा उघडून झटकला की तेच कण पुन्हा खोलीत पसरतात.

आता अशा विषयाकडे वळू, ज्याबद्दल जाहिराती फारशा बोलत नाहीत. पिल्लू किंवा म्हातारा प्राणी घरात असेल तर कधीतरी जमिनीवर विष्ठा पडणार, आणि ती न ओळखणारा रोबॉट पाट्यावर चटणी वाटावी तशी ती घरभर पसरवणार. लिडारवर, म्हणजे लेसरने अंतर मोजण्याच्या तंत्रावर, चालणारे रोबॉट घराचा नकाशा अचूक काढतात आणि अंधारातही रस्ता चुकत नाहीत, पण वरच्या घुमटातून फिरणारा लेसर जमिनीलगतची बुटकी वस्तू पाहत नाही. त्यासाठी पुढच्या बाजूला कॅमेरा किंवा अंतर मोजणारा वेगळा सेन्सर लागतो. अडथळा आहे एवढे सेन्सरला कळते, तो अडथळा नेमका कसला आहे हे ओळखायला बहुतेक वेळा कॅमेराच लागतो. आयरोबॉटने २०२१ मध्ये जे७+ या मॉडेलसोबत, घट्ट विष्ठा टाळण्यात यंत्र चुकले तर ठरावीक मुदतीत ते बदलून देण्याचे जाहीर आश्वासन दिले होते. त्यातला ‘घट्ट’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पातळ विष्ठा, उलटी किंवा लघवीचे थारोळे ओळखण्याची खात्री कोणत्याही यंत्राकडून बाळगू नये. अशा घरात घरी कोणी नसताना रोबॉट चालवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याची दुसरी बाजूही आहे. आयरोबॉटच्या चाचणीसाठी वापरल्या गेलेल्या यंत्रांनी टिपलेली घरांतली खासगी छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोचल्याचे वृत्त २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स या कंपनीच्या एक्स२ मॉडेलचे काही रोबॉट परक्यांनी ताब्यात घेतले, त्यांच्या स्पीकरमधून शिवीगाळ केली, आणि एका घरात तर रोबॉट कुत्र्याच्या मागे धावला. घाबरून लिडारवर परतण्याचे कारण नाही, परंतु चित्रांवरील प्रक्रिया यंत्रातच होते की बाहेरच्या सर्व्हरवर, कॅमेऱ्यातून घर पाहण्याची सोय बंद करता येते का आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे खरेदीपूर्वी विचारावे.

पुसण्याची सोय असलेल्या यंत्रांबाबत मांजरवाल्यांनी विशेष सावध राहावे. मांजराच्या शौचपेटीत घालायचे बेंटोनाइट मातीचे दाणे, म्हणजे लिटर, ओलाव्याने घट्ट होते, तोच त्याचा गुण आहे. परंतु पेटीबाहेर सांडलेल्या दाण्यांवरून ओला फडका गेला की चाकांवर, फडक्यावर आणि डॉकच्या गलिच्छ पाण्याच्या टाकीत त्याचा चिकट चिखल बसतो आणि वाळल्यावर खरवडूनच काढावा लागतो. ॲपमध्ये लिटरपेटीभोवती केवळ कोरडी सफाई ठरवता येत असेल तर हा त्रास टळतो, आणि पाण्याच्या भांड्याभोवती तर यंत्राला पूर्ण बंदीच घालावी. फरशीसाठीचे द्रावणही पाहून घ्यावे. फिनॉलयुक्त जंतुनाशके आणि टी ट्रीसारखी सुगंधी तेले मांजरींना अपायकारक असतात, कारण अशी द्रव्ये निष्प्रभ करण्याची त्यांच्या यकृताची क्षमता फार कमी असते, आणि फरशीवरून चाललेले पंजे मांजर चाटतेच. साधे पाणी पुरेसे आहे.

आवाजाचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. रोबॉटच्या चालण्याच्या आवाजाला बहुतेक प्राणी सरावतात. दचकवतो तो डॉक डबा रिकामा करतानाचा अचानक उठणारा घरघराट. ती वेळ ॲपमधून ठरवता येते की नाही आणि डॉक प्राण्याच्या अंथरुणापासून दूर ठेवायला जागा आहे की नाही, एवढे पाहावे. सुरुवातीला यंत्र बंद ठेवून प्राण्याला ते हुंगू द्यावे, मग शेजारच्या खोलीत चालवावे, आणि त्या वेळी त्याला खाऊ द्यावा.

जे यंत्र ॲपशिवाय चालूच होत नाही, ते मी कोणालाही सुचवणार नाही. नीटो रोबॉटिक्स ही जुनी कंपनी २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचे ग्राहक ॲप आणि सर्व्हर किती काळ चालतील या विवंचनेत सापडले. नुसते बटण दाबून सफाई सुरू होणारे यंत्र अशा प्रसंगी निदान उपयोगी राहते. फिल्टर, रोलर, बाजूचे ब्रश आणि बॅटरी सुटी मिळते का, याचीही चौकशी करावी, कारण केसाळ घरात हे भाग पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या आधीच संपतात.

सोफ्यावरचे, गादीवरचे आणि जिन्यावरचे केस मात्र नेहमीचे रोबॉट उचलत नाहीत, आणि प्राणी जिथे लोळतात तिथेच केस सर्वाधिक असतात. त्यामुळे हाती असलेली सगळी रक्कम सर्वांत वरच्या मॉडेलवर घालवण्यापेक्षा रबरी रोलरचा, स्वतः रिकामा होणारा मधल्या श्रेणीचा रोबॉट आणि त्याच्या जोडीला फिरत्या ब्रशचा छोटा हातातला व्हॅक्यूम अशी खरेदी मी करीन. पिल्लू अजून शिकवणीत असेल, तर फक्त त्या एका कारणासाठी कॅमेऱ्याच्या मॉडेलचा जादा खर्च मान्य करावा.