चंद्र बघायचा तर अष्टमीला की पौर्णिमेला?

भाचीने नवी १०×५० दुर्बीण घेतली आणि विचारलं, "मावशी, गच्चीवर अष्टमीला येऊ की कोजागरीला?"

विवरं बघायची असतील तर शुद्ध अष्टमीलाच ये. उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं, सावल्या लांबतात आणि खड्ड्यांची खोली कळते. टोलेमियस, अल्फॉन्सस, अर्झाशेल ही विवरं एकाखाली एक दिसतात. टोलेमियस तर दीडशे किलोमीटर रुंद! पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. सगळं सपाट, आणि डोळेही दिपतात.

पण टायकोचे पांढरे पट्टे पौर्णिमेलाच खुलतात. विवर जेमतेम ८५ किलोमीटरचं, पट्टे मात्र शेकडो किलोमीटर पसरलेले. लाव्ह्याचे काळे डाग, म्हणजे आपला ससा, तोही तेव्हाच पूर्ण दिसतो.

वेळेचं म्हणाल तर अष्टमीचा चंद्र संध्याकाळीच वर असतो, मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेचा रात्रभर. दोन्ही वेळा कोपर कठड्यावर टेकवा, चित्र हलत नाही.

शाळकरी मुलांना डोंगर-खड्डे दाखवायचे असतील तर अष्टमी, दुसऱ्या दिवशी नवमीही चालेल. घरातल्या सगळ्यांना दूध पीत निवांत बघायचं असेल तर कोजागरी.