व्हायोलिनचे तीन म्यूट, घरात कुत्रा असेल तर

व्हायोलिनला लावायचा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा छोटा तुकडा, बहुतेक जण शेजाऱ्यांसाठी घेतात. घरात कुत्रा असेल तर खरा श्रोता तोच, म्हणून बाजारात सहज मिळणारे तीन प्रकारचे म्यूट इथे त्याच्या कानांच्या हिशेबाने पारखले आहेत: छोटा टूर्त म्यूट, जाड रबरी प्रॅक्टिस म्यूट आणि जड धातूचा म्यूट. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकूया. व्हायोलिनच्या आवाजाने त्रासून उठून जाणाऱ्या कुत्र्याला म्यूटचा चांगला उपयोग होतो. आपल्याबरोबर हेल काढणाऱ्या, म्हणजे लांब सुरात ओरडणाऱ्या, कुत्र्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही.

हा फरक म्यूटच्या कामातच आहे. तार थरथरते, ती थरथर घोडीतून (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) वरच्या फळीला मिळते आणि फळी आवाज मोठा करते. म्यूट घोडीवर वजन टाकतो, त्यामुळे घोडी पूर्वीइतकी मोकळी हलू शकत नाही. जलद कंपनं याने जास्त अडतात, संथ कंपनं कमी. म्हणजे आवाजातली धार, गजाची खरखर, नवशिक्याच्या हातून निघणारी किंचाळी हे आधी कमी होतं आणि मूळ सूर बराचसा तसाच राहतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. शिवाय काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात त्याचे कान आपल्यापेक्षा बरेच तीक्ष्ण असतात. आपल्याला नुसती चमकदार वाटणारी वरची तार त्याला बोचू शकते, आणि म्यूट नेमकी तीच बोच काढतो.

हेल काढण्याचं कारण वेगळं आहे. लांब ओढलेला, न तुटणारा, हळूच सरकणारा सूर कुत्र्याच्या स्वतःच्या हेलासारखा असतो. म्हणून हार्मोनियम, बासरी, सनई, सायरन यांना तो उत्तर देतो आणि तबल्याला सहसा देत नाही. व्हायोलिनवरचा लांब गज आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) तर त्याला थेट आमंत्रणच. हा सूर म्यूट लावूनही शिल्लक राहतो, फक्त थोडा हळू होतो.

तेव्हा पैसे घालण्याआधी आपला कुत्रा कोणत्या गटातला हे बघा. कान मागे चिकटलेले, शेपूट पायांत, जेवणाची वेळ नसताना वारंवार ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, धाप, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, दाराकडे जाणं: हा त्रास आहे. मान वर, ओठ गोल, अंग सैल, शेपूट हलती आणि आपणहून जवळ येऊन बसणं: हा सहभाग आहे. ओरडतही आहे आणि थरथरतही आहे, असं असेल तर त्रासच समजा. मोबाइल कोपऱ्यात ठेवून चित्रण केलं तर हे नीट दिसतं, कारण वाजवताना आपलं लक्ष गजावर असतं.

आता वस्तूंकडे. टूर्त म्यूट हा काळ्या रबराचा इवलासा तुकडा, तिन्हींत सर्वांत स्वस्त. घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी) यांच्यामधल्या तारांवर तो कायम बसवलेला असतो, हवा तेव्हा सरकवून घोडीला टेकवायचा. वाद्यवृंदात आवाजाचा रंग बदलण्यासाठी तो उत्तम, पण वजन नगण्य असल्याने कुत्र्याच्या दृष्टीने फरक किरकोळ. वापरात नसताना तो तारांवर झिणझिणतो, हा आणखी एक तोटा. केवळ कुत्र्यासाठी घेऊ नका.

जाड रबरी म्यूट घोडीवर वरून टोपीसारखा बसतो. बहुतेक घरांसाठी आमची निवड हीच. धार स्पष्ट कमी होते, गजाला हाताखाली पुरेसं उत्तर मिळत राहतं आणि पडला तरी वाद्याला इजा होत नाही. बसवताना डाव्या हाताच्या बोटांनी घोडी दोन्ही बाजूंनी धरावी, म्यूटच्या खाचा तारांच्या मध्ये येतील असा तो धरून सरळ खाली दाबावा. पुढेमागे डोलवत बसवला तर घोडी फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं ठेवतो त्या पट्टीकडे, झुकते. काही दिवस ती तशीच राहिली तर वाकते आणि एखाद्या दिवशी आडवी पडते. काढल्यावर घोडीची टेलपीसकडची बाजू फळीला काटकोनात आहे ना, हे रोज पाहावं. नवीन रबर घट्ट असतं, उलट जुनं कडक होऊन भेगाळलं की पकड जाते आणि आवाज पुन्हा वाढतो. तेव्हा बदलावा.

धातूचा म्यूट आवाज सर्वांत जास्त खाली आणतो. रात्रीच्या रियाजाला आणि खूपच बिथरणाऱ्या कुत्र्याला तोच लागतो. पण घेताना आतून रबराचं अस्तर आहे का ते बघा. नसेल तर पातळ घोडीवर तो सैल बसतो आणि खडखडतो. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण वाद्य पुढे उतरतं असल्याने सैल म्यूट फिंगरबोर्डच्या दिशेने घसरतो. फळीवर पडला तर वार्निशवर खड्डा नक्की. फरशीवर पडला तर त्या खणखणाटाने कुत्रा अशी दचक खातो की पुढचे काही दिवस व्हायोलिनची पेटी उघडतानाच तो खोली सोडतो. एवढ्यासाठी तरी खाली सतरंजी हवी.

बैठकीची गोष्ट निघालीच आहे तर: खाली बसून वाजवताना वाद्य आणि शेजारी बसलेल्या कुत्र्याचे कान जवळजवळ एकाच उंचीवर येतात. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. गुळगुळीत फरशीच्या छोट्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात म्हणून तितका उतरत नाही. जाड पडदा, गादी आणि त्याचं अंथरूण शेजारच्या खोलीत, एवढं केलं तर रबरी म्यूटचं काम धातूच्या म्यूटइतकं होतं. दार मात्र उघडं ठेवा. ज्याला निघून जाता येतं तो लवकर सरावतो.

म्यूटचे तोटे हातालाही भोवतात. आवाज कमी येतो म्हणून गज नकळत जास्त दाबला जातो. वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर वाजणारे उंच, बारीक सूर) गेल्यामुळे सूर नेमका लागला की नाही, हे कानाला कमी कळतं. तानपुऱ्याचा आवाज म्यूटच्या मानाने खाली आणला नाही तर व्हायोलिन त्यात बुडतं. म्हणून सगळा रियाज म्यूट लावून करू नये. सुरुवातीचं खर्जाचं काम म्यूटशिवाय, तार सप्तक आणि नवे, अजून न बसलेले पलटे म्यूट लावून, ही वाटणी चांगली चालते.

हेल काढणाऱ्यासाठी म्यूटपेक्षा खाऊ कामाचा. म्यूट लावून मंद्र सप्तकात दोन-तीन मिनिटं छोटे, तुटक गज मारायचे आणि तेवढ्या वेळात त्याला चाटायच्या ताटलीत बिनसाखरेचं दही द्यायचं. आवाज सुरू झाला की दही, थांबला की ताटली उचलायची. तो गप्प असतानाच थांबायचं. मग हळूहळू गज लांब करायचा, मींड सर्वांत शेवटी. हेल काढला तर रागवायचं नाही आणि हसून त्याच्याकडे बघायचंही नाही. दोन्हींतून त्याला लक्ष मिळतं आणि सवय पक्की होते. कुत्रं रडणं अशुभ, असं मानणारी वडीलधारी माणसं घरात असतात. तो रडत नाही, सुराला साद देतोय, हे त्यांना एकदा शांतपणे सांगितलं तर त्याच्यावर वहाण उगारली जात नाही. पीनट बटर देणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) नाही याची खात्री करा, कुत्र्यांना ते विषारी असतं.

शेवटची सूचना रबरी म्यूट घेणाऱ्यांना, विशेषतः घरात पिल्लू असेल तर. रबर चावायला त्यांना फार आवडतं. टूर्त म्यूट तर अख्खा गिळला जातो, मोठ्याचे तुकडे आतड्यात अडकू शकतात. काढलेला म्यूट जमिनीवर किंवा स्टँडच्या कडेला न ठेवता पेटीत टाकून पेटी बंद करा. गिळल्याचा संशय आला तर उलटीची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, आणि तसाच दुसरा म्यूट असेल तर आकार दाखवायला बरोबर घ्या.