नॅरोबोटवर एप्रिल ते सप्टेंबर: इंग्लंडच्या कालव्यांवर स्वतःची बोट वापरल्यानंतरचा अनुभव

यूकेत नॅरोबोट, म्हणजे कालव्यावर फिरायची आणि राहायची लांबट अरुंद बोट, घ्यावी का असं विचारणारे मेसेज अधूनमधून येतच असतात, मिल्टन कीन्स आणि लेस्टरकडच्या आपल्या मंडळींचे तर जरा जास्तच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आमची बोट ५७ फुटी, सेकंडहँड, ग्रँड युनियन कालव्यावर ब्रॉन्स्टनजवळच्या एका मरीनात असते. २०२५ चा अख्खा उन्हाळा, म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, जमतील तेवढे वीकेंड आणि पोरांच्या सुट्टीतले सलग आठवडे आम्ही तिच्यावर काढले. निकाल आधीच सांगतो, घेतली ते फार बरं झालं आणि विकायचा विचारही नाही. पण उन्हाळ्यात कालव्यावरचा सगळा खेळ पाण्याचा असतो, बोटीचा नंबर त्यानंतर, आणि बोट विकणारे हे कधीच सांगत नाहीत, ते इंजिन आणि सोफ्यावर बोलत राहतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. नॅरोबोटची रुंदी ६ फूट १० इंच असते, कारण जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी (हा १७७७ मध्ये पूर्ण झाला, तो स्वतः त्याआधीच १७७२ मध्ये गेला) लॉक (बोट वर-खाली करणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले पाण्याचे हौद) ७ फूट रुंद ठरवले, आणि अडीचशे वर्षांनंतर आजही बोट बांधणाऱ्याला तेच माप पाळावं लागतं. आत शिरलं की स्लीपरच्या डब्याच्या मधल्या वाटेने चालल्यासारखं वाटतं, एका टोकाला किचन, मग बसायची जागा, मग बाथरूम, मग बेड. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला अंग चोरावं लागतं. ५७ फूट लांबी आम्ही मुद्दाम घेतली, कारण उत्तरेकडे काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत, ६० फुटांच्या वरची बोट घेतली तर तिकडचा नकाशाच बंद होतो. घेताना हे नक्की बघा, तीन फूट जास्त किचन मिळतंय म्हणून भुलू नका.

आता चालवण्याबद्दल. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे पण प्रत्यक्षात तीनच मिळतो, आणि कडेला लागलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून कमी करावा लागतो, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि लोक खिडकीतून बाहेर येऊन ओरडतात, त्यांचं बरोबरच असतं. टिलर, म्हणजे मागचा सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं, हे हाताला दोन दिवसांत समजतं. ब्रेक नाही, रिव्हर्स मारून थांबायचं, आणि रिव्हर्समध्ये बोट सरळ जात नाही. समोरून कोणी आलं तर आपण उजवीकडे. एवढं आलं की कालवा तुमचा.

लॉक हा खरा भाग. पाणी वर-खाली करून बोटीला टेकडी चढवायची, आणि हे सगळं स्वतःच्या हाताने, विंडलास नावाचा एल आकाराचा लोखंडी हँडल घेऊन. पॅडल, म्हणजे पाणी सोडायची झडप, उचललं की खालून पाणी घुसतं, बोट हळूहळू वर येते, दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीवर आलं की मगच दरवाजा हलतो, त्याआधी चार माणसं लागली तरी हलत नाही. आमच्या मुलीला हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो, ती दरवाजाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून बसते आणि पातळी जुळली की नुसत्या तिच्या वजनाने तो सरकायला लागतो. उतरताना मात्र पोरांना कुठेही बसवा पण टिलरवरच्या माणसाने मागचं टोक सिलच्या पुढे ठेवायचं, म्हणजे वरच्या दरवाजाखालचा जो दगडी उंबरा आहे त्यावर बोट अडकता कामा नये. काठावर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहायचं, गप्पा बंद, फोन बंद. पाणी उतरत असताना मागचं टोक त्यावर टेकलं तर बोट पुढे कलते आणि बुडते, मिनिटांचा खेळ असतो. यात सवलत नाही.

जूनमध्ये वॉरिकजवळचे हॅटनचे लॉक केले, ओळीने २१, जवळजवळ ४५ मीटर चढ. १९३० च्या दशकात हे रुंद केले, तेव्हा बसवलेली पॅडलची यंत्रं अजून आहेत, उंच पांढरे खांब, आणि हँडल इतके फिरवावे लागतात की दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात. दोन कुटुंबांनी मिळून केलं, दोन बोटी एका लॉकमध्ये शेजारी-शेजारी, एक जण पुढे जाऊन पुढचा लॉक तयार ठेवतो, वर पोचलो तेव्हा अनोळखी लोकांबरोबर घरच्यासारखं चहापाणी झालं, आमच्या डब्यातल्या शंकरपाळ्या त्यांच्या पोरांनी संपवल्या. हे सुख पैसे देऊन मिळत नाही, शेजारची बोट मिळायला मात्र लॉकच्या तोंडाशी थोडं थांबायची तयारी पाहिजे.

आणि हे थांबणं फक्त मैत्रीसाठी नाही, इथे मी मुद्द्यावर येतो. रुंद लॉक एकदा रिकामा झाला की साधारण अडीच लाख लिटर पाणी खाली जातं, अरुंद असेल तर त्याच्या निम्मं. एकट्या बोटीने गेलात तरी तेवढंच, दोन गेल्या तरी तेवढंच. ते पाणी टेकडीच्या माथ्यावरच्या सपाट भागातून येतं आणि तिथे ते जलाशयांतून आणावं लागतं, ट्रिंगचे जलाशय यासाठीच बांधलेत. २०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभरहून जास्त वर्षांतला सगळ्यात कोरडा गेला, मे महिन्यातच लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग पाण्याअभावी बंद करावा लागला, ज्यांनी तिकडे सुट्टी ठरवली होती त्यांची वाट लागली. आमच्या बाजूलाही काही ठिकाणी लॉकच्या वेळा कमी केल्या, दुपारनंतर साखळी-कुलूप. त्यामुळे माझा पहिला सल्ला हा की निघायच्या आदल्या रात्री कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर बंद असलेल्या जागा बघा, (२०१२ मध्ये सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून इंग्लंड आणि वेल्सचं सगळं यांच्याकडे आलं, साधारण २००० मैलांचं जाळं यांच्याकडे आहे), आणि लांबचा पल्ला मे-जूनमध्ये करा, ऑगस्टसाठी लॉक नसलेले लांब भाग ठेवा. ग्रँड युनियनच्या लेस्टर लाइनवर वॉटफर्ड (लंडनजवळचं नव्हे, नॉर्थँप्टनशायरमधलं) ते फॉक्सटन असा वीसेक मैलांचा सपाट भाग आहे, समुद्रसपाटीपासून ४१२ फुटांवर, मध्ये एकही लॉक नाही, दोन्ही टोकांचे लॉक बंद असले तरी मधे फिरता येतं.

फॉक्सटनला मेमध्ये माझे सासरे बरोबर होते. त्यांची आयुष्यभराची नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर, त्यामुळे त्यांना बोटीत फार रस नव्हता, पाण्यात होता. फॉक्सटनला दहा लॉक आहेत, पाच-पाचचे दोन जिने, १८१४ मध्ये सुरू झाले, एका लॉकचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा. शेजारी प्रत्येकाला एक छोटं तळं आहे. पॅडल दोन रंगांची, लाल आणि पांढरं, आधी लाल उघडायचं म्हणजे बाजूच्या तळ्यातलं पाणी तुमच्या लॉकमध्ये येतं, मग पांढरं, म्हणजे वरच्या लॉकचं पाणी त्या तळ्यात उतरतं. उलट केलं तर तळं भरून वाहतं आणि पाणी वाया. तिथले स्वयंसेवक प्रत्येकाला हे घोकून घेऊनच सोडतात. सासरे काठाने चालत दहाही लॉक बघत गेले, प्रत्येक तळ्यापाशी थांबले, मग म्हणाले, "जावईबापू, हे आमच्या शेजपाळीसारखंच आहे हो, वरच्याने उघडल्याशिवाय खालच्याला मिळायचं नाही, आणि कोणी नंबर मोडला की सगळ्यांचं नुकसान." नंतर तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाशी त्यांची पाऊण तास चर्चा, मी मधे दुभाषी. विषय होता शेजारच्या इनक्लाइन्ड प्लेनचा. १९०० मध्ये तिथे बोटीच्या टाक्या रुळांवरून वर-खाली ओढणारी वाफेची यंत्रणा केली होती, पाणी वाचायचं, वेळ वाचायचा, पण पलीकडच्या टोकाचे वॉटफर्डचे लॉक रुंदच केले नाहीत, मोठ्या बोटी येणार कशा, मग वाफ चालू ठेवायचा खर्च परवडेना, दहाएक वर्षांत बंद पडली आणि १९२८ मध्ये भंगारात गेली. सासऱ्यांना हे फार लागलं, वरचं काम केलं आणि टोकाचं राहिलं असं त्यांनीही आपल्याकडे पाहिलंय.

बोटीवर राहण्याबद्दल. स्टीलची बोट उन्हात तापते, छतावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, जुलैत तीस डिग्रीच्या वर गेलं की आत दुपारी बसवत नाही. झाडाखाली बांधा, पण मग सोलर चालत नाही, आणि सोलर नाही तर फ्रिज रात्री बॅटरी खातो. आम्ही दुपारी सावलीत आणि संध्याकाळी उघड्यावर अशी जागा बदलत राहिलो. घेताना इन्सुलेशन फवारलेल्या फोमचं आहे का ते विचारा, थर्माकोलच्या पत्र्यांचं असेल तर किंमत पाडून मागा. गॅसवर कुकर आरामात लागतो, वरणभात, पोहे, सगळं होतं, फोडणी देताना मात्र बाजूचा झरोका उघडा आणि गॅस व कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म चालू ठेवा. पाण्याची टाकी चार माणसांना आमच्या हिशेबाने तीन-चार दिवस पुरते. टॉयलेट कॅसेटचा, म्हणजे खाली काढता येणारा डबा असतो, तो घेऊन ठरलेल्या जागी स्वतः रिकामा करावा लागतो, काहींना हे चालत नाही, मग टाकीवाला घ्या, पण त्याला दर वेळी पंपाचे पैसे आणि उन्हाळ्यात रांग. मला कॅसेटच बरी वाटते, कुणावर अवलंबून नाही.

इंजिन जुनं असलं तरी चालेल, पण रोज सकाळी तेल बघणं आणि प्रॉपेलरच्या दांड्यावरच्या ग्रीसच्या डब्याला एक फेरा देणं हे आंघोळीसारखं ठरलेलं पाहिजे. आणि वीड हॅच. मागे जमिनीत एक झाकण असतं, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवायची, झाकण उघडून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून प्रॉपेलरला गुंडाळलेलं सोडवायचं. उन्हाळ्यात शेवाळ असतंच, शिवाय प्लॅस्टिक, दोरे, आणि लेस्टरजवळ तर मी लाल जरीकाठाचं कापड कात्रीने कापून काढलं, शेजारी नारळ तरंगत होते. हात जोडून सांगतो, कालव्याचं पाणी नदीसारखं वाहत नाही, निर्माल्य टाकलं तर ते तिथेच कुजतं आणि बोटींना अडकतं. लेस्टरशायरमध्ये सोअर नदीवर अस्थिविसर्जनाची रीतसर सोय आहे, तशी जागा वापरा.

बोगद्यांबद्दल एकच, ब्लिसवर्थचा. २८१३ मीटर लांब, १८०५ चा, पूर्वी काठावरून घोडे बोट ओढायचे, पण आत घोड्याची वाट नाही म्हणून माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय मारत बोट ढकलत न्यायची. आत दोन नॅरोबोट समोरासमोर जातात, छतातून पाणी ठिबकतं, रेनकोट घाला, समोरचा दिवा लांबून चांदणीएवढा दिसतो आणि खूप वेळाने जवळ येतो. पोरं सुरुवातीला घाबरली, आता तोच रस्ता घ्या म्हणतात.

खर्च. आमच्या लांबीच्या बऱ्या सेकंडहँड बोटी चाळीस ते सत्तर हजार पाउंडांत बघितल्या. घेण्याआधी पाण्याबाहेर काढून पत्र्याच्या जाडीचा सर्वे कराच, विकणारा कितीही गोड बोलू दे. लायसन्स लांबीवर, आम्हाला वर्षाला हजाराच्या वर पडतं, इन्शुरन्स वेगळा, दर चार वर्षांनी बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट, दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा रंग. मरीनाचं भाडं हा सगळ्यात मोठा आकडा. ते वाचवायला काही लोक मुक्कामाची जागाच घेत नाहीत, सतत फिरत राहतात, एका ठिकाणी जास्तीत जास्त १४ दिवस, पण २०२४ पासून त्यांना लायसन्सवर वाढीव रक्कम लागते आणि ती दरवर्षी वाढतेय, नोकरी-शाळा सांभाळून ते जमणार नाही. डिझेल तासाला दीडएक लिटर जातं, लाल (कमी कराचं) डिझेल घेताना चालवण्याचा आणि घरगुती वापराचा वाटा सांगावा लागतो, बहुतेक जण ६०-४० सांगतात.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. ज्यांना केरळच्या हाउसबोटसारखं बसून जेवायचं आहे त्यांनी आठवडाभर भाड्याने घ्या आणि परत द्या, तेही छान आहे. गुडघे दुखत असतील तर लॉकच्या पायऱ्या आणि दरवाजावरची फळी त्रासाची. पण ज्यांना हाताने काम करायला आवडतं, पोरांना स्क्रीनशिवाय दिवस काढायची सवय लावायची आहे आणि ताशी तीन मैलांनी जायला हरकत नाही, त्यांनी डोळे मिटून नाही पण सर्वे करून नक्की घ्या. १९४६ मध्ये टॉम रोल्ट आणि रॉबर्ट ॲकमनसारख्यांनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही कालवे वाचवणारी संस्था काढली नसती तर यातले कितीतरी कालवे बुजले असते. कालवा टिकायचा तर त्यावर बोटी चालायला पाहिजेत, म्हणून आपली माणसं इथे आली तर मला मनापासून आनंद होईल.

आमची बोट ऑक्टोबरात काळ्या रंगासाठी बाहेर काढायची आहे. पुढच्या मेमध्ये, पाणी भरपूर असताना, लँगॉलन कालव्याकडे निघणार, पॉन्टकिसिल्टेचा, इंजिनिअर टेलफर्डचा जलसेतू (दरीवरून कालवा नेणारा पूल) करायचाच आहे, १८०५ चा, ३८ मीटर उंच, एका बाजूला कठडा नाही. सासऱ्यांच्या व्हिसाचे कागद त्या हिशेबानेच तयार करतोय. कोणाला ब्रॉन्स्टनकडे येऊन एक दिवस लॉक करून बघायचं असेल तर शनिवारी सकाळी या, बूट जाड तळव्याचे घाला, विंडलास जास्तीचा आहे.