राब-चिखलणी की बिननांगरणीचा भात?

कोकणात भातशेतीचे दोन मार्ग आज शेजारीशेजारी दिसतात. पहिला, राब भाजून, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा व शेण जाळून, रोपे वाढवायची आणि चिखलणी करून, म्हणजे उभ्या पाण्यात माती नांगरून तिचा चिखल करून, लावणी करायची; दुसरा, एकदाच गादीवाफे तयार करून पुढे जमीन न नांगरता भात टोकायचा, ज्याला रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रामुळे ओळख मिळाली.

चिखलणीचा खरा फायदा तणाच्या बाबतीत आहे, कारण उभ्या पाण्यात बरेचसे तण उगवतच नाही. मात्र तिच्यामुळे मातीची घडण मोडते आणि भातानंतर वाल किंवा कुळीथ पेरायला जावे तर हाती कडक ढेकळे येतात. बिननांगरणीत जुनी मुळे जागीच कुजल्याने माती सच्छिद्र राहते, गांडुळे टिकतात आणि लावणीची मजुरीही वाचते.

अडचण येते ती सेंद्रिय शेतकऱ्याची. या तंत्रात तणासाठी सहसा ग्लायफोसेट हे रासायनिक तणनाशक वापरले जाते. ते वर्ज्य केले की आच्छादन पिकावरच, म्हणजे जमीन झाकून तण दाबणाऱ्या तागासारख्या पिकावरच, भिस्त ठेवावी लागते. ताग फुलोऱ्यावर यायला साधारण दीड महिना लागतो, त्यामुळे जूनमध्ये पेरलेला ताग आडवा करून भात टोकायला उशीर होतो. त्यापेक्षा भातानंतर जमिनीतील ओलीवर वाल किंवा चवळी घ्यावी, वेल कापून जागीच पसरावेत आणि पावसाच्या तोंडावर बांधावरच्या गिरिपुष्पाच्या झाडांचा पाला त्यावर घालावा, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. अर्थात उन्हाळ्यात मोकाट गुरांपासून ते आच्छादन राखता आले तरच. पाणी तुंबणाऱ्या खोलगट खाचरात मात्र मी अजूनही चिखलणीच पसंत करीन.