गॅरेज वर्कशॉपसाठी 5000 वॅटचा हीटर, मिनेसोटाचे दोन हिवाळे वापरून

मी गॅरेजमधे लाकूडकाम करतो, पाट, पोळपाट, शेल्फ, लोकांच्या मोडलेल्या खुर्च्या असं सगळं, आणि राहतो मिनियापोलिसजवळ म्हणजे नोव्हेंबर ते मार्च कुलूपच. एका वर्षी लेकीच्या नव्या घरासाठी पाडव्यापर्यंत देव्हारा करून देतो म्हणून शब्द दिला आणि फेब्रुवारीत जॉइंट चिकटवले, दुसऱ्या दिवशी क्लॅम्प सोडला तर कळसाखालची पट्टी सरळ हातात आली. ग्लू खडूसारखा पांढरा पडलेला. नंतर बाटली वाचली, 55 फॅरनहाइटच्या खाली वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. आणि नुसती हवा गरम करून चालत नाही बरं का, लाकूडपण तेवढं गरम लागतं, गारठलेल्या फळीवर ग्लू लावला की तो धरतच नाही. शेवटी देव्हारा जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून चिकटवला आणि पाडव्याऐवजी अक्षय्य तृतीयेला पोचला.

तेव्हाच ठरवलं की हीटरचं नीट काहीतरी करायचं.

आधी घरातला साधा 1500 वॅटचा लावून बघितला. पायाशी ठेवला तर पाय गरम, बाकी काही नाही. यात हीटरचा दोष नाही, 120 व्होल्टच्या साध्या प्लगवर यापेक्षा मोठा हीटर मिळतच नाही, 1500 वॅट म्हणजे तासाला साधारण 5100 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), दोन गाड्यांच्या गॅरेजला ते कुठे पुरणार. त्यामुळे "हजार स्क्वेअर फूट गरम करतो" असं खोक्यावर लिहिलेला प्लगवाला हीटर दिसला तर प्लीज घेऊ नका.

मग शेजारच्या काकांनी त्यांचा प्रोपेनचा दिला, सिलिंडरवर बसतो तो. गरम फार छान करतो, दहा मिनिटात जॅकेट काढलं. पण आठवड्याभरात टेबल सॉच्या बिडाच्या टेबलावर तांबूस ठिपके आले, गंज! मला वाटलं छत गळतंय. कारण असं की प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, एक पौंड गॅसमागे दीड पौंडापेक्षा जास्त वाफ, म्हणजे 20 पौंडाचा एक सिलिंडर संपला की जवळजवळ 15 लिटर पाणी तुमच्या हवेत सोडलेलं असतं आणि ते जाऊन थंड लोखंडावरच बसतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, त्यासाठी दार फटीएवढं उघडं ठेवायचं म्हणजे गरम हवा बाहेर, आणि भुशाच्या धुरळ्यात उघडी ज्योत. रॉकेलवर चालणाऱ्या तोफेसारख्या हीटरचंही तेच, वर वास. लाकूडकाम करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

मग घेतला तो 240 व्होल्टचा, छताला टांगायचा, 5000 वॅटचा फॅनवाला. आमचं गॅरेज 22 बाय 22 म्हणजे 484 स्क्वेअर फूट, आणि इन्सुलेशन असेल तर फुटाला 10 वॅट हा ढोबळ हिशोब चालतो, म्हणून 5000. करंट जवळपास 21 अँपियर, त्यावर सव्वापट धरायचं म्हणजे 30 चा ब्रेकर आणि 10 गेजची तांब्याची वायर. 7500 वॅटचा मोह झाला होता पण त्याला 40 चा ब्रेकर आणि 8 गेज लागते, खर्च वाढतो. आमचा पॅनल गॅरेजमधेच असल्यामुळे इलेक्ट्रिशियनचं काम दोन तासात झालं. हे स्वतः करायला जाऊ नका, आणि एक्स्टेंशन कॉर्डवर तर कुठलाच हीटर नको.

गॅस लाइनवरचे धुराडंवाले हीटर रोज आठ तास काम करणाऱ्यांसाठी चांगले, मिनी स्प्लिट, म्हणजे गरमही करणारा भिंतीवरचा एसी, तोपण चांगला आणि उन्हाळ्यात गारवाही देतो, पण मी फक्त शनिवार-रविवार काम करणारा, मला तेवढा खर्च परवडण्यासारखा नव्हता.

आता दोन हिवाळ्यांचा अनुभव. बाहेर शून्य फॅरनहाइट (इथले सगळे आकडे फॅरनहाइटच) असताना गॅरेजमधे साधारण 25 असतं, तिथून 58 ला यायला दीड तास लागतो. सकाळी उठल्या उठल्या बटण दाबतो, चहा-पोहे होईस्तोवर तयार. पण हे जमतं ते दारामुळे. पहिल्या आठवड्यात हीटर अखंड चालत होता आणि 48 च्या वर काटाच जात नव्हता, मग गॅरेजच्या दाराला फोमचे पॅनल लावले, खालचं फाटलेलं रबर बदललं, बाजूच्या फटींना पट्ट्या मारल्या, आणि तोच हीटर एकदम दुप्पट ताकदीचा वाटायला लागला. हीटरच्या आधी हे करा, खरंच सांगतो.

बिल म्हणाल तर माझ्याकडे युनिट 15 सेंटच्या आसपास, म्हणजे सलग चालला तर तासाला 75 सेंट, आणि एकदा तापल्यावर तो थांबत थांबत चालतो.

न आवडलेलं म्हणजे थर्मोस्टॅटच्या खटक्यावर आकडे नाहीत, नुसतं कमी-जास्त, म्हणून भिंतीवर वेगळं थर्मामीटर लावलंय. फॅनचा आवाज आहे. बंद केल्यावरही कॉइल गार होईपर्यंत फॅन फिरतो, ते बिघाड समजू नका. महिन्यातून एकदा ब्रेकर पाडून, गार झाल्यावर कॉम्प्रेसरने आतला भुसा उडवतो, नाहीतर जळका वास येतो. फरशी मात्र गारच राहते, उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट टाकल्यात.

ग्लू आणि वॉटर-बेस्ड फिनिशचे डबे मी आठवडाभर घरातच ठेवतो कारण एकदा गोठले की काही भरवसा नाही. आणि तेलाचं फिनिश किंवा लॅकर लावायच्या दिवशी आधी 68 पर्यंत तापवून घेतो, मग हीटर खटक्यावरून बंद, कॉइल गार होऊन फॅन पूर्ण थांबला की ब्रेकरही पाडायचा, मगच डबा उघडायचा आणि खिडकी थोडी उघडी. तासभर तरी ऊब टिकते, एका देव्हाऱ्याला एक हात मारायला तेवढी पुरते.