अठरा पट्ट्या संपल्यावर

को-एन्झाइम क्यू-10, एल-कार्निटीन, लायकोपिन, झिंक, सेलेनियम. मेडिकलवाल्याने 'शुक्रजंतूंचा काउंट वाढतो' म्हणून दिलेली ही कॅप्सूल मी तीन महिने सकाळ-संध्याकाळ घेतली. दहाची पट्टी 420 रुपयांना, अठरा पट्ट्यांचे 7,560 झाले. फाउंड्रीत भट्टीवर उभं राहणाऱ्याला ही रक्कम जड जाते.

लग्नानंतर दोन वर्षं तपासण्या फक्त हिच्या झाल्या. माझी झाली तेव्हा काउंट मिलीलीटरमागे 11 मिलियन आणि पुढे सरकणारे शुक्रजंतू 18 टक्के निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची किमान पातळी 16 मिलियन आणि 30 टक्के आहे. त्या रात्री मी हिची माफी मागितली.

गोळीमागचा विचार खोटा नाही. शुक्रजंतूच्या आवरणात असंतृप्त चरबी भरपूर असते, बचावाची साधनं फार थोडी. सिगारेट, उष्णता, जंतुसंसर्ग यांनी ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढले की आवरण बिघडतं, आतला डीएनए तुटतो. अँटिऑक्सिडंट या रेणूंना निकामी करतात. एवढं वाचूनच मी पैसे मोजले होते.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, म्हणून तीन महिने थांबलो. नवा रिपोर्ट 15 मिलियन, 26 टक्के. आनंद झाला. पण याच काळात मी सिगारेट सोडली होती आणि भट्टीवरून डिस्पॅचला बदली मागून घेतली होती. मग श्रेय गोळीला कसं देऊ? शिवाय हे आकडे दर तपासणीला खालीवर होतातच.

रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी अमेरिकेतल्या 2020 च्या दोन चाचण्या समजावल्या. 171 जोडप्यांच्या 'मॉक्सी' चाचणीत अशाच मिश्रणाने शुक्रजंतू सुधारले नाहीत, डीएनएही नाही. झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या 2,370 जोडप्यांवरच्या चाचणीत बाळं झाली ती गोळीवाल्यांत 34 टक्के, नुसत्या दिखाऊ गोळीवाल्यांत 35. पोटाच्या तक्रारी मात्र खऱ्या गोळीने वाढल्या. मलाही उपाशीपोटी घेतली की मळमळायचं.

मग त्यांनी हाताने तपासलं. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, वृषणाच्या शिरा फुगलेल्या. तीन महिन्यांत हे कोणी बघितलंच नव्हतं, कारण मी दुकानातूनच घरी परतलो होतो.

पाचपैकी दोन तारे. एकोणिसावी पट्टी आणली नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. भावांनो, आधी तपासून घ्या. आणि पहिली तपासणी बायकोची नको, दोघांची एकाच दिवशी करा.